सातारा की रत्नागिरी? महानगर सोडून राहायला जाणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

मुंबई, ठाणे किंवा पुण्यातले घर विकून अथवा भाड्याने देऊन लहान शहरात स्थायिक व्हायचे ठरवणाऱ्या कुटुंबांपुढे बहुतेक वेळा दोन पर्याय असतात. पहिला पर्याय देशावरच्या, महामार्गालगतच्या आणि सगळीकडे जायला सोयीच्या शहराचा असतो. दुसरा, खिशाला परवडेल अशा किमतीत समुद्र जवळ देणाऱ्या कोकणातल्या शहराचा. या लेखात त्यासाठी सातारा आणि रत्नागिरी ही दोन शहरे घेतली आहेत. दोन्ही जिल्ह्याची ठिकाणे असल्यामुळे सरकारी कचेऱ्या, महाविद्यालये, जिल्हा रुग्णालय आणि मोठी बाजारपेठ दोन्हीकडे आहे, आणि सह्याद्रीच्या दोन अंगांना वसलेली असल्यामुळे त्यांच्यातला फरक चटकन लक्षात येतो. अलिबागचा विचार येथे मुद्दाम केलेला नाही. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो सेवा आणि जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाल्यानंतर तो भाग मुंबईचे उपनगर होण्याच्या वाटेवर आहे आणि मध्यमवर्गीय निवृत्तांना तिथले दर आता झेपत नाहीत. परवडणारा समुद्र हवा असेल तर श्रीवर्धनच्या खाली उतरावे लागते.

निर्णय घेताना एक कसोटी सतत वापरावी, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या शहराचा सर्वांत अवघड महिना कोणता आणि तो आपल्या घरातल्या सर्वांत अशक्त माणसाला सोसेल का, हे आधी पाहावे. डिसेंबरात रत्नागिरी आणि ऑगस्टअखेर सातारा कोणालाही आवडतो; त्यावरून घर ठरवू नये.

पहिली पायरी : घरातल्या माणसांची यादी

जागेचे फोटो पाहण्याआधी एका कागदावर घरातल्या प्रत्येकाचे नाव लिहून त्यापुढे वय, आजार, नियमित औषधोपचार, कामाचे स्वरूप आणि महिन्यातून किती वेळा कुठे जावे लागते हे लिहावे. मुले पुण्यात नोकरी करत असतील, आईचे डॉक्टर पुण्यात असतील आणि स्वतःला पंधरा दिवसांतून एकदा कार्यालयात जावे लागत असेल, तर रत्नागिरीचा विचार पुढे नेण्यात फारसा अर्थ उरत नाही. उलट, दोघेच असू, प्रकृती धड असेल, काम संगणकावर घरूनच होत असेल आणि नातेवाईक मुंबईत किंवा कोकणातच असतील, तर रत्नागिरीचे पारडे जड होऊ लागते. ही यादी घरातल्या सर्वांनी एकत्र बसून करावी. समुद्राची ओढ अनेकदा घरातल्या एकालाच असते आणि ओल्या कपड्यांचे, बुरशीचे व बाजारहाटाचे ओझे दुसऱ्यावर पडते.

दुसरी पायरी : अंतर तासांत मोजणे

सातारा पुण्यापासून सुमारे ११० किलोमीटर, तर कोल्हापूरपासून सुमारे १२० किलोमीटर अंतरावर, पुणे-बंगळूर महामार्गावर आहे. खंबाटकी घाट आणि सुट्टीच्या दिवशी खेड-शिवापूर व आनेवाडी टोलनाक्यांवरची गर्दी सोडली, तर हा प्रवास अडीच तासांच्या आसपास उरकतो. स्वारगेटहून विनाथांबा एसटी दिवसभर सुटतात. पुणे-मिरज रेल्वेमार्गावर साताऱ्याचे स्थानक माहुलीला, म्हणजे गावाबाहेर आहे, पण कोयना एक्स्प्रेस आणि महालक्ष्मी एक्स्प्रेससारख्या जुन्या गाड्यांच्या जोडीला सप्टेंबर २०२४ पासून कोल्हापूर-पुणे वंदे भारतही तिथे थांबते.

रत्नागिरीची गणिते वेगळी आहेत. मुंबई रस्त्याने सुमारे ३४० किलोमीटर आहे आणि मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाचे काम वर्षानुवर्षे रखडल्यामुळे हा प्रवास किती तासांचा होईल हे आधी सांगणे कठीण असते. कोल्हापूर आंबा घाटातून सुमारे १३० किलोमीटर आहे, पण जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत दरडी कोसळून आणि रस्ता खचून हाच घाट बंद पडला होता आणि नंतरही काही काळ जड वाहनांना तिथून बंदी होती. म्हणून रत्नागिरीकरांचा खरा आधार कोकण रेल्वे हाच आहे. रोहा ते मंगळूर हा ७४१ किलोमीटरचा मार्ग १९९८ मध्ये पूर्ण झाला आणि गाडीनुसार पाच ते सात तासांत मुंबई गाठता येऊ लागली. जून २०२३ पासून मुंबई-मडगाव वंदे भारतही रत्नागिरीला थांबते. दोन गोष्टी मात्र नव्याने येणाऱ्याने गृहीत धराव्यात. पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेगळे वेळापत्रक असते आणि सुरक्षेसाठी गाड्यांचा वेग कमी ठेवला जातो. गणपती आणि शिमग्याच्या दिवसांत आरक्षण खुले होताच काही मिनिटांत संपते, त्यामुळे त्या काळात अचानक मुंबईला जावे लागले तर जागा मिळेल अशी आशा धरू नये. आरक्षण सध्या ६० दिवस आधी खुले होते. ती तारीख दिनदर्शिकेवर खूण करून ठेवण्याची सवय कोकणात राहणाऱ्याला लावून घ्यावीच लागते.

एसटीच्या सवलतींचा हिशेबही येथेच करावा. महिलांना मार्च २०२३ पासून तिकिटात निम्मी सवलत आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धे तिकीट लागते आणि ७५ वर्षांवरील नागरिकांना प्रवास मोफत आहे. निवृत्त जोडप्याच्या मासिक खर्चात यामुळे चांगलाच फरक पडतो.

तिसरी पायरी : दवाखान्याचा रस्ता प्रत्यक्ष चालून पाहणे

दोन्ही शहरांत जिल्हा रुग्णालय, खासगी रुग्णालये आणि अलीकडे सुरू झालेली शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. ताप, मधुमेह, रक्तदाब, हाड मोडणे, बाळंतपण अशा गोष्टींसाठी दोन्हीकडे घराजवळ उपचार मिळतात. प्रश्न उभा राहतो तो हृदय, मेंदू, कर्करोग आणि मूत्रपिंडाच्या उपचारांचा. साताऱ्यातून कऱ्हाडचे कृष्णा रुग्णालय सुमारे तासाभरावर आहे आणि पुण्याची मोठी रुग्णालये दोन-अडीच तासांवर, तेही बाराही महिने चालू असणाऱ्या महामार्गाने. रत्नागिरीहून चिपळूणच्या अलीकडे डेरवणचे वालावलकर रुग्णालय आहे. त्यापुढे कोल्हापूर किंवा मुंबई. घाट बंद असलेल्या रात्री कोल्हापूरही लांब पडते.

म्हणून आपल्या डॉक्टरांकडून एक साधा प्रश्न विचारून घ्यावा : या रुग्णाला तज्ज्ञ उपचार मिळायला चार तास लागले तर चालेल का? उत्तर ‘नाही’ असेल तर समुद्राचा विषय तिथेच मिटवावा आणि त्याबद्दल घरात कोणालाही दोष देऊ नये. उत्तर ‘चालेल’ असेल तरीही नेहमीच्या औषधांची नावे घेऊन रत्नागिरीतल्या दोन-तीन औषध दुकानांत चौकशी करावी, कारण महागडी किंवा क्वचित लागणारी औषधे लहान शहरात मागवून घ्यावी लागतात.

चौथी पायरी : पाऊस आणि पाणी

रत्नागिरीत वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. सातारा शहरात पावसाचे प्रमाण याच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतके असते. साताऱ्याच्या पश्चिमेला महाबळेश्वर आणि कास येथे मुसळधार पाऊस असतो, तर पूर्वेला माण आणि खटाव तालुक्यांत दुष्काळ. शहर या दोन टोकांच्या मध्ये पडते. त्यामुळे साताऱ्यात जागा घेताना ती शहराच्या कोणत्या बाजूला आहे याला महत्त्व आहे.

कोकणात नव्याने येणाऱ्यांची सर्वांत मोठी गल्लत पाण्याबाबत होते. इतका पाऊस पडतो तर पाणी मुबलकच असणार, असे ते समजतात. रत्नागिरीच्या सड्यावरचा, म्हणजे उंचावरच्या सपाट पठारावरचा, जांभा दगड सच्छिद्र आहे; पडलेले पाणी त्यातून झिरपून आणि उतारावरून वाहून थोड्या काळात समुद्राला मिळते. परिणामी ज्या वाडीत जुलैत अंगणातून ओढा वाहतो त्याच वाडीत मे महिन्यात टँकर येतो. रत्नागिरी शहराला मुख्यतः शीळ धरणातून पाणी मिळते, पण नगरपालिकेच्या हद्दीबाहेरच्या वसाहतींत विहीर, बोअर किंवा ग्रामपंचायतीची योजना यांवर भिस्त असते.

जागा पाहायला एप्रिलच्या शेवटी किंवा मे महिन्यात जावे आणि विहिरीवर स्वतः उभे राहावे. कठड्यावरून दोरीला बादली बांधून सोडावी. पाण्याला लागेपर्यंत किती दोर गेला आणि तळाला टेकेपर्यंत आणखी किती गेला, हे पाहिले की पाण्याची उंची कळते. विहिरीच्या आतल्या चिऱ्यांवर शेवाळाचा पट्टा जिथे संपतो तिथे पावसाळ्यात पाणी येत असते. त्या पट्ट्यापासून आजचे पाणी किती खाली आहे ते डोळ्यांनी मोजावे. मग ते पाणी घोटभर चाखावे. किनाऱ्याजवळच्या विहिरींचे आणि बोअरचे पाणी उन्हाळ्यात उपसा वाढला की मचूळ होते, आणि ते पिण्याला तर नकोच, पण नळ, गिझर व डाळ शिजवणे या सगळ्यांनाच त्रासदायक ठरते. शेजारच्या दोन घरांत ‘मे महिन्यात काय करता?’ एवढेच विचारावे. दलालाच्या तोंडून जे कळत नाही ते एका वाक्यात कळते.

साताऱ्यात हा प्रश्न सौम्य आहे, पण अगदी नाही असे नाही. शहराला कासच्या तलावातून आणि कृष्णा नदीवरच्या योजनेतून पाणी मिळते. शाहूपुरीसारखी जी उपनगरे २०२० च्या हद्दवाढीत नगरपालिकेत आली, तिथे पाणी कोणत्या योजनेतून, दिवसातून किती वेळ आणि वरच्या मजल्यापर्यंत किती दाबाने येते, हे इमारतीतल्या रहिवाशांनाच विचारावे. अजिंक्यताऱ्याच्या उतारावरच्या वसाहतींत हा प्रश्न अधिक नेटाने विचारावा.

हवामानाचे बाकी थोडक्यात सांगता येते. सातारा समुद्रसपाटीपासून सातशे मीटरांहून उंच आहे. एप्रिल-मे मध्ये दुपारी कडक ऊन असते, पण हवा कोरडी असल्यामुळे रात्री झोप लागते आणि हिवाळ्यात स्वेटर लागतो. रत्नागिरीत थंडी नावापुरती असते आणि मार्चपासून जूनपर्यंत घामाने जीव नकोसा होतो. दम्याच्या आणि सांधेदुखीच्या रुग्णांनी कोणत्या हवेत आपल्याला बरे वाटते याचा अनुभव घेतल्याशिवाय घर घेऊ नये.

पाचवी पायरी : खाऱ्या वाऱ्यातले घर तपासणे

किनाऱ्यावरची सदनिका स्वस्त मिळत असेल तर ती स्वस्त का आहे, हे लोखंडाकडे पाहिले की कळते. खारी हवा पहिल्यांदा खिडकीच्या ग्रिलवर हल्ला करते. ग्रिलचा सर्वांत खालचा आडवा गज, जिथे पावसाचे पाणी थांबते, तो नखाने खरवडून पाहावा. नवा रंग दिलेला असला तरी खालून गंजाचे पापुद्रे सुटत असतील तर ती इमारत खाऱ्या वाऱ्याच्या थेट माऱ्यात आहे असे समजावे. नंतर बाल्कनीखाली उभे राहून वरच्या स्लॅबचा तळ पाहावा. तिथे सरळ रेषेत गेलेली तपकिरी चीर म्हणजे आतली सळई गंजून फुगली आहे आणि काँक्रीटला बाहेर ढकलते आहे. नाणे किंवा किल्ली घेऊन तिथे टकटक केल्यावर पोकळ आवाज आला तर गिलावा सुटलेला आहे. अशा इमारतीची दुरुस्ती एका सदनिकेपुरती होत नसते. सर्व सभासदांनी वर्गणी काढावी लागते, आणि निम्मे मालक मुंबईत असलेल्या सोसायटीत ती वर्गणी जमत नाही.

नवे घर बांधणाऱ्यांनी अभियंत्याशी दोन आकड्यांबद्दल आग्रह धरावा. आयएस ४५६ या भारतीय मानकानुसार किनारी वातावरणाला उघड्या असलेल्या सलोह काँक्रीटची प्रत किमान एम ३० असावी आणि सळईवर ४५ मिलिमीटर आवरण असावे. लाटांचे तुषार ज्या पृष्ठभागावर उडतात त्यांच्यासाठी हे निकष एम ३५ आणि ५० मिलिमीटर असे अधिक कडक आहेत. ठेकेदार सवयीने देशावरच्या घराइतकेच आवरण ठेवतो, आणि मग दहा-पंधरा वर्षांत स्लॅब झडू लागतो. खिडक्या लोखंडाऐवजी ॲल्युमिनियमच्या किंवा यूपीव्हीसीच्या घ्याव्यात, स्क्रू आणि बिजागऱ्या स्टेनलेस स्टीलच्या वापराव्यात, आणि सपाट गच्चीवर उतरते छप्पर घेण्याची तरतूद अंदाजपत्रकात पहिल्यापासून करावी. कोकणातली जुनी घरे कौलारू आणि लांब वळचणीची का आहेत हे पहिल्या जुलैतच उमगते. भिंतीवर तिरका पाऊस सतत आपटू न देणे हा तिथल्या बांधकामाचा मूळ नियम आहे. मे अखेर पडवीला झापे किंवा ताडपत्री बांधायची, लाकूडफाटा आत घ्यायचा, पन्हळी साफ करायच्या ही कामे ठरलेली असतात आणि ती करणारा माणूस आधीपासून सांगून ठेवावा लागतो.

घरातल्या वस्तूंचे आयुष्यही किनाऱ्यावर कमी होते. वातानुकूलन यंत्राचा बाहेरचा भाग, फ्रीजची मागची बाजू, दुचाकीची साखळी यांची झीज वेगाने होते, आणि पावसाळ्यात चामड्याच्या वस्तूंना, पुस्तकांना व गाद्यांना बुरशी धरते. ज्यांचा मोठा ग्रंथसंग्रह आहे त्यांनी हा मुद्दा हसण्यावारी नेऊ नये.

याच कारणांसाठी माझा सल्ला असा आहे की रत्नागिरी निवडली तरी घर मांडवी, मुरुगवाडा किंवा भाट्याच्या किनाऱ्याला खेटून घेऊ नये. मारुती मंदिर, नाचणे किंवा कुवारबाव या आतल्या, उंचावरच्या भागांत राहून संध्याकाळी समुद्रावर फिरायला जाणे अधिक शहाणपणाचे आहे. तिथून रेल्वे स्थानक, बाजार आणि दवाखाना जवळ पडतो आणि लाटांच्या थेट तुषारांपासून सुटका होते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रत्नागिरीच्या मिऱ्या किनाऱ्यावरच्या बंधाऱ्यावर येऊन अडकलेले बसरा स्टार हे जहाज कितीतरी काळ तिथेच पडून होते. त्या किनाऱ्याची धूप हा तर त्याहूनही जुना प्रश्न आहे. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळाने किनारपट्टीवर विजेचे खांब आडवे केले आणि अनेक गावे काही दिवस अंधारात राहिली. घरून काम करणाऱ्याने म्हणून इन्व्हर्टर, चांगले अर्थिंग आणि दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या जोडण्या, त्यांतली एक केबलची आणि दुसरी मोबाइलची, एवढी व्यवस्था राहायला जाण्याआधीच करावी.

साताऱ्यातल्या घराची तपासणी सोपी आहे, तरी एक गोष्ट विसरू नये. कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप याच जिल्ह्यात झाला. जुन्या पेठांतली माती-दगडाची घरे देखणी असतात, पण संरचनात्मक तपासणीचा अहवाल घेतल्याशिवाय त्यांत राहायला जाऊ नये. जुने गाव राजवाड्यापासून वर चढत जाते. गुडघे दुखणाऱ्यांनी समर्थ मंदिराच्या बाजूपेक्षा सदरबझार किंवा गोडोलीसारखे तुलनेने सपाट भाग पाहावेत.

सहावी पायरी : कागदपत्रे

सदनिका घेणाऱ्यांचे काम तुलनेने सोपे आहे. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडावरचा किंवा आठपेक्षा अधिक सदनिकांचा नवा प्रकल्प महारेराकडे, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाकडे, नोंदलेला असलाच पाहिजे. नोंदणी क्रमांक महारेराच्या संकेतस्थळावर टाकून पाहावा आणि भोगवटा प्रमाणपत्राशिवाय ताबा घेऊ नये. नोंदणी शुल्क किमतीच्या १ टक्का, पण जास्तीत जास्त ३०,००० रुपये असते, आणि निवासी घर स्त्रीच्या नावावर घेतल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. किमतीचा अंदाज घेण्यासाठी नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर रेडी रेकनरचे, म्हणजे शासनाने ठरवलेले मिळकतीचे दर विनामूल्य पाहता येतात. विक्रेत्याचा भाव त्यापेक्षा किती वर आहे हे पाहिले की घासाघीस करायला आधार मिळतो.

जमीन घेणाऱ्यांनी मात्र सावकाश चालावे, आणि कोकणात तर फारच सावकाश. पहिली अट अशी की कूळवहिवाट व शेतजमीन कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्या व्यक्तीला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. ‘नंतर बघू, आधी साठेखत करू’ असे सांगणाऱ्या दलालाला तिथेच नमस्कार करावा, कारण असा व्यवहार अवैध ठरून जमीन शासनजमा होऊ शकते. अकृषिक झालेला भूखंड, गावठाणातले घर किंवा नगरपालिका हद्दीतली मिळकत हेच शेतकरी नसलेल्या कुटुंबासाठी सरळ मार्ग आहेत.

दुसरी अडचण सातबाऱ्यावरच दिसते. कोकणातला सातबारा हातात घेतला की भोगवटादाराच्या रकान्यात एका कंसात पंधरा-वीस नावे आणि खाली ‘सामाईक क्षेत्र’ असा शब्द बऱ्याचदा आढळतो. त्यांतले काही मुंबईला, काही परदेशात, काही वारलेले आणि त्यांच्या वारसांची नोंद अजून झालेली नाही, अशी स्थिती असते. जागा दाखवणारा माणूस यांतला एकच हिस्सेदार असतो आणि त्याचा हिस्सा जमिनीवर कोठे आहे हे वाटप झाल्याशिवाय ठरत नाही. सर्व हिस्सेदारांच्या सह्या किंवा नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र नसेल तर कितीही देखणी जागा सोडून द्यावी. ‘इतर अधिकार’ हा रकाना तर पुन्हा पुन्हा वाचावा. कुळाचे नाव, बँकेचा बोजा, वन विभागाचा किंवा खाजगी वनांचा शेरा, विहिरीतला दुसऱ्याचा हक्क हे सगळे तिथेच लिहिलेले असते. जमीन भोगवटादार वर्ग दोनची, म्हणजे हस्तांतरणावर शासनाचे निर्बंध असलेली असेल तर विक्रीला शासनाची परवानगी लागते. घरपट्टीचा उतारा हा कर भरल्याचा कागद आहे, मालकीचा पुरावा नव्हे.

तिसरी अट समुद्राची आहे. किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या (सीआरझेड) २०१९ च्या अधिसूचनेनुसार विरळ लोकवस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरांपर्यंत नव्या बांधकामाला सर्वसाधारणपणे मनाई आहे, आणि खाडीकाठालाही निर्बंध लागू होतात. शहरी भागात नियम वेगळे असले तरी तिथेही आधीपासूनच्या रस्त्याच्या किंवा अधिकृत बांधकामाच्या समुद्राकडच्या बाजूला नवे बांधकाम करता येत नाही. विक्रेता ‘इथे सगळ्यांनीच बांधलंय’ असे म्हणाला तर त्या सगळ्यांच्या परवान्यांच्या प्रती मागाव्यात. जागेचा गट क्रमांक मंजूर किनारा व्यवस्थापन नकाशावर कोठे येतो हे नगररचना कार्यालयातून लेखी घ्यावे.

वकिलाकडून तीस वर्षांचा शोध अहवाल घ्यावा, स्थानिक दैनिकात जाहीर नोटीस द्यावी आणि भूमी अभिलेख कार्यालयाकडून हद्द कायम मोजणी करून घेतल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. जागेपर्यंतची वाट गाव नकाशात रस्ता म्हणून दाखवलेली आहे की शेजाऱ्याच्या मेहेरबानीने चालू आहे, हेही त्याच वेळी पाहावे. साताऱ्यातही ही सर्व काळजी घ्यायचीच आहे. तिथे गुंठेवारीतले (मंजुरीविना गुंठ्यागुंठ्याने विकलेले) आणि तुकडेबंदीत (ठरलेल्या किमान क्षेत्राहून लहान तुकडे करण्यावरच्या बंदीत) अडकलेले भूखंड ही नेहमीची डोकेदुखी आहे.

सातवी पायरी : महिन्याचा खर्च

घराच्या किमतीतली बचत दरमहाच्या खर्चात कोठे निसटते, हे दोन्ही बाजूंनी मांडून पाहावे. साताऱ्यात भाजी, दूध आणि धान्य जवळच्याच शिवारातून येते. रत्नागिरीत पालेभाज्यांपासून टोमॅटोपर्यंत पुष्कळ माल घाटावरून, मुख्यतः कोल्हापूरकडून चढउतार करून येतो, त्यामुळे घाटात अडथळा आला की भाव चढतात. मासे मिरकरवाडा बंदरातून ताजे मिळतात, पण १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारी बंदी असते आणि त्या दोन महिन्यांत सुक्या मासळीवर भागवावे लागते. या घरखर्चात रंगकाम, छपराची डागडुजी आणि गंजलेल्या वस्तू बदलण्यासाठी वर्षाकाठी एक ठरावीक रक्कम वेगळी काढावी. साताऱ्यात तीच रक्कम पेट्रोल आणि टोलमध्ये जाते. घराचा एक भाग पर्यटकांना भाड्याने देऊन खर्च निघेल, हे गृहीतक मात्र हिशेबात धरू नये. तो पूर्णवेळ धंदा आहे, विसाव्यासाठी गेलेल्या माणसाला तो पेलत नाही.

आठवी पायरी : आधी भाड्याने राहणे

वरच्या सर्व चौकशा झाल्यावरही लगेच खरेदी करू नये. अकरा महिन्यांचा भाडेकरार करावा. महाराष्ट्रात असा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. रत्नागिरीत राहून पाहायचे असेल तर करार १ मेपासून सुरू करावा. पहिल्या महिन्यात पाण्याची टंचाई आणि उकाडा कळतो, पुढचे तीन महिने पाऊस, वीज आणि बुरशी दाखवतात, आणि गणपतीत रेल्वेची व पाहुण्यांची गर्दी पाहायला मिळते. हे पाच महिने जे कुटुंब न कुरकुरता काढते त्याने रत्नागिरीत निश्चिंत घर घ्यावे. तिथली शांतता, माणसांचा जिव्हाळा आणि ऑक्टोबरनंतरचा हिरवागार काळ त्याला भरभरून परतफेड देईल. सातारा आजमावायचा असेल तर मार्च ते मे हे महिने आणि कास फुलल्यावरच्या सप्टेंबरमधले दोन शनिवार-रविवार पुरेत. शहरातून वर जाणाऱ्या रस्त्यावरची वाहनांची रांग पाहून आपण त्या बाजूला घर घ्यावे की नाही हे ठरेल.

घरात सत्तरीपुढचे आजारी माणूस असेल किंवा पुण्याशी दर आठवड्याचा संबंध असेल, तर सातारा घ्यावा, असे मी कोणालाही बिनदिक्कत सांगेन. शाळेत जाणारी मुले असलेल्यांनाही साताऱ्यात निवड अधिक आहे. रयत शिक्षण संस्थेचे मुख्यालय आणि १९६१ पासूनची सैनिक शाळा तिथेच आहे. इतरांनी मात्र सोय एवढ्याच निकषावर रत्नागिरी रद्द करू नये. ज्याला पावसाचे वेड आहे आणि घराची निगा राखण्यात आनंद वाटतो, त्याला साताऱ्याची सोय दोन वर्षांत अळणी वाटू लागण्याची शक्यता आहे.

नववी पायरी : राहायला गेल्यावरचा पहिला महिना

खरेदीखत झाल्यावर नगरपालिकेत मिळकतकराच्या नोंदीत आणि महावितरणच्या वीजबिलावर नाव बदलून घ्यावे. जमीन असेल तर तलाठी कार्यालयात फेरफार नोंद झाली का ते पंधरा दिवसांनी स्वतः पाहावे. गॅस जोडणी आणि शिधापत्रिका स्थलांतरित करावी. मतदार यादीतला पत्ता बदलण्यासाठी नमुना ८ भरावा लागतो. निवृत्तिवेतन घेणाऱ्यांनी बँकेची शाखा बदलण्याची घाई करू नये, पण नोव्हेंबरमधला हयातीचा दाखला नव्या गावात कोठे देता येतो हे आधी विचारून ठेवावे. रत्नागिरीत राहायला जाणाऱ्याने याच महिन्यात गवंडी, सुतार, वीजतंत्री आणि नारळ उतरवणारा यांचे दूरध्वनी क्रमांक शेजाऱ्यांकडून घेऊन ठेवावेत, कारण मे महिना लागला की त्यांच्यातला एकही मोकळा सापडत नाही.